एआयने एम्ब्रियो निवडून घ्यावा का? लॅबमधून सविस्तर उत्तर

प्रश्न: माझं वय ३६, एएमएच (अंड्यांचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) १.१. पहिल्या आयव्हीएफमध्ये एकच एम्ब्रियो (गर्भ) मिळाला होता, ट्रान्सफर केलं (गर्भाशयात ठेवला), बीटा (गर्भधारणेची रक्तचाचणी) निगेटिव्ह आला. दुसऱ्या एग पिकअपनंतर (अंडी काढल्यानंतर) तीन ब्लास्टोसिस्ट (पाच दिवस वाढलेले एम्ब्रियो) फ्रीझ झाले आहेत. रिपोर्टवर ४एबी, ४बीबी आणि ३बीसी असं लिहिलं आहे. आता सेंटरवाले म्हणतात, ट्रान्सफरआधी ‘एआय स्कोअरिंग’ करून घ्या, ३५ हजार वेगळे लागतील, पण यशाची शक्यता बरीच वाढेल. त्यांच्या पत्रकात ‘९५ टक्के अचूक’ असं छापलंय. घ्यावं का? आणि एखाद्या एम्ब्रियोला एआयने कमी मार्क दिले तर तो टाकून द्यायचा का?

उत्तर: ताई, उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. तीन एम्ब्रियोंसाठी ३५ हजार देऊ नका. आणि नुसता स्कोअर कमी आला म्हणून एम्ब्रियो टाकून द्यायला तर अजिबात तयार होऊ नका. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये एम्ब्रियो वाढवणारी आहे, वीसेक वर्षं आयव्हीएफ लॅबमध्येच गेली. एआयशी माझं वाकडं नाही, आमच्याकडे ते रोज वापरलं जातं. पण ते जे काम करतं त्याचा तुमच्या बाबतीत फार उपयोग नाही, आणि पत्रकात ज्याचा दावा केलाय ते काम ते करतच नाही.

ते क्रम लावतं. तुमच्याकडे असलेल्या एम्ब्रियोंपैकी आधी कोणता ठेवावा, मग कोणता, एवढंच. त्याने एम्ब्रियोत काहीही बदलत नाही. अंड्याचा दर्जा, गुणसूत्रं, गर्भाशयाचं अस्तर, सगळं जिथल्या तिथे राहतं. ‘यशाची शक्यता वाढेल’ हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. जास्तीत जास्त असं म्हणता येईल की पहिल्याच ट्रान्सफरमध्ये जमण्याची शक्यता थोडी वाढू शकते. या दोन वाक्यांमधला फरक तुमच्या खिशाला लागतो, म्हणून जरा खोलात जाते.

आधी आम्ही डोळ्यांनी काय बघतो ते सांगते, म्हणजे मशीन काय बघतं ते कळेल. पाचव्या दिवशी डिश मायक्रोस्कोपखाली घेतली की जो गोळा दिसतो तो जेमतेम मिलिमीटरचा सहावा भाग असतो. बाहेर झोनाचं पारदर्शक कवच. आत द्रवाने भरलेली पोकळी. तिच्या एका बाजूला पेशींचा घट्ट गठ्ठा, यातून पुढे बाळ होतं. आणि आतल्या भिंतीला लागून पेशींचा एकेरी थर, यातून वार तयार होते. डेव्हिड गार्डनर आणि विल्यम स्कूलक्राफ्ट यांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत आजही बहुतेक लॅब वापरतात. तुमच्या ४एबी मधला ४ म्हणजे ब्लास्ट (ब्लास्टोसिस्ट) किती फुगलाय, ए म्हणजे आतला गठ्ठा उत्तम, बी म्हणजे भिंतीचा थर बरा. ३बीसी म्हणजे अजून पुरता फुगलेला नाही, गठ्ठा बरा, आणि थरात पेशी विरळ.

यात खरी अडचण ए आणि बी यांच्या सीमेवर आहे. थरातल्या पेशी ‘भरपूर’ की ‘बऱ्यापैकी’, हे ठरवताना दोन अनुभवी माणसांचं एकमत होईलच असं नाही. त्याच माणसाने सकाळी दिलेला ग्रेड संध्याकाळी तोच राहील याचीही खात्री नाही. आयव्हीएफच्या तीस-पस्तीस सायकली (उपचाराच्या फेऱ्या) एकाच बॅचमध्ये आल्या की मान मोडून जाते, त्यात सायंकाळचा सी सकाळी बी झाला असता. हा विस्कळीतपणा कमी करायला जगभरच्या एम्ब्रियॉलॉजिस्टांनी इस्तंबूलला ठरवलेले सामायिक निकष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, २०२५ मध्ये ते सुधारूनही घेतले. तरी शेवटी डोळा तो डोळाच.

एआयचा पहिला खरा फायदा इथे आहे. ते थकत नाही. त्याच व्हिडिओला आज जो स्कोअर देईल तोच उद्या देईल. टाइम-लॅप्स इनक्यूबेटरमध्ये, म्हणजे एम्ब्रियो वाढवायच्या पेटीत, कॅमेरा आतच असतो. एम्ब्रिओस्कोपसारखं मशीन साधारण दर दहा मिनिटांनी फोटो काढतं, म्हणजे पाच दिवसांत एका एम्ब्रियोचे सातशेच्या वर. आम्ही त्यातले मोजके क्षण बघतो: दोन पेशी कधी झाल्या, आठ कधी, पोकळी कधी दिसायला लागली. डीप लर्निंगचं, म्हणजे हजारो उदाहरणांवरून शिकलेलं, मॉडेल सगळी फिल्म बघतं आणि एक आकडा देतं.

आता त्या ९५ टक्क्यांकडे येऊ. असले आकडे कुठून येतात ते एका खऱ्या उदाहरणावरून सांगते, तुमच्या सेंटरचं सॉफ्टवेअर दुसरं असू शकेल. आयडीएस्कोर नावाचं मॉडेल आहे, स्वीडनच्या व्हिट्रोलाइफ कंपनीचं. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ केंद्रांमधले १ लाख १५ हजारांहून जास्त एम्ब्रियो त्यात होते. पण यातले प्रत्यक्ष गर्भाशयात ठेवलेले, आणि पुढे काय झालं हे माहीत असलेले, साडेचौदा हजारांच्या आसपासच. बाकीचे वाढ खुंटलेले, तुकडे पडलेले, ज्यांना कुणीही ट्रान्सफर केलं नसतं असे. मॉडेलची पारख मोजायची एक पट्टी असते. यशस्वी झालेला एक आणि न झालेला एक असे दोन एम्ब्रियो समोर ठेवले तर यशस्वी कोणता, हे शंभरातून किती वेळा बरोबर सांगता येतं? नाणं उडवलं तर पन्नास वेळा. या मॉडेलचा आकडा सगळे एम्ब्रियो धरून ०.९५, म्हणजे शंभरात ९५ आला. आणि फक्त प्रत्यक्ष ठेवलेले एम्ब्रियो धरले तर ०.६७.

बोर्डाच्या परीक्षेत नापास होणारी मुलं आणि मेरिटमधली मुलं वेगळी काढणं कुठल्याही मास्तरांना जमतं. ९१ टक्केवाल्यांमधून ९३ वाला कोण निघेल हे सांगताना कस लागतो. ०.९५ हा पहिल्या कामाचा आकडा आहे आणि ०.६७ हा दुसऱ्या कामाचा. तुमचे तिन्ही एम्ब्रियो आधीच पास होऊन फ्रीझ झालेत. म्हणजे तुमच्यासाठी लागू आकडा ०.६७ च्या आसपासचा. संशोधकांनी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे छापले होते. पत्रक छापणारे मात्र पहिलाच आकडा उचलतात. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये आलेल्या एका मॉडेलचा ०.९३ हा आकडा असाच गाजला, आणि टीकाही हीच झाली की कुणीही टाकून दिले असते असे एम्ब्रियो त्यात ‘अपयशी’ म्हणून मोजले होते.

आणखी एक. या मॉडेलचा स्कोअर १.० ते ९.९ असा असतो. तुमच्या एम्ब्रियोला ८.७ आला म्हणजे बाळ होण्याची शक्यता ८७ टक्के, असा अर्थ कुणी सांगत असेल तर तो चूक आहे. समुपदेशनाच्या टेबलावर हा गैरसमज सर्रास होतो, आणि तो दूर करायची घाई कुणाला नसते.

मग प्रत्यक्ष ट्रान्सफर करून तुलना केली तर? तेही झालंय. २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एका चाचणीचे निकाल आले. ऑस्ट्रेलिया आणि युरोपातली १४ केंद्रं, १,०६६ जोडपी. स्त्रीचं वय ४२ च्या आत आणि पाचव्या दिवशी किमान दोन ब्लास्ट हवेत, अशी अट. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांचा एम्ब्रियो आयडीएस्कोरने निवडला, अर्ध्यांचा एम्ब्रियॉलॉजिस्टने डोळ्यांनी. एआय माणसापेक्षा सरस आहे हे सिद्ध करायचा प्रयत्नही नव्हता. ते ५ टक्क्यांहून जास्त मागे पडत नाही, एवढंच दाखवायचं होतं. निकाल: गर्भधारणा एआयच्या गटात ४६.५ टक्के, माणसांच्या गटात ४८.२. बाळंतपणापर्यंत पोचलेल्या ३९.८ विरुद्ध ४३.५. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण ‘मागे पडत नाही’ हे काही सिद्ध झालं नाही. चाचणीला पैसा कंपनीचाच होता, आणि तरी निकाल उघडपणे छापला, याचं मला कौतुक आहे.

त्याच चाचणीत एक गोष्ट मात्र एआयने निर्विवाद जिंकली. एका पेशंटचे एम्ब्रियो तपासायला माणसाला सरासरी २०८ सेकंद लागले, एआयला २१. लॅब चालवणाऱ्यासाठी हे सोनं आहे. वाचलेला वेळ इक्सीला (शुक्राणू अंड्यात टोचण्याला) आणि फ्रीझिंगला देता येतो, घाईत होणाऱ्या चुका कमी होतात. पण ही बचत सेंटरची आहे. तिचं बिल पेशंटने का भरायचं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

टाइम-लॅप्सचंही तसंच. ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या १,५७५ जणींवर झालेली चाचणी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. टाइम-लॅप्सची चित्रं बघून निवड केलेल्या गटात ३३.७ टक्के जणींना बाळ झालं. त्याच इनक्यूबेटरमध्ये ठेवून चित्रांकडे न बघता निवड केली त्यांच्यात ३६.६ टक्के. साध्या इनक्यूबेटरच्या गटात ३३.०. तिन्हींत म्हणावा असा फरक नाही. हे मशीन लॅबमध्ये असावं या मताची मी आहे, रात्री-अपरात्री काय घडलं ते मागे जाऊन बघता येतं. पण ‘याने बाळ होण्याची शक्यता वाढते’ असं मी पेशंटला सांगत नाही.

आता तुमच्या तीन एम्ब्रियोंचा हिशेब करू. समजा त्यांच्या शक्यता ३५, ३० आणि २५ टक्के आहेत. हे आकडे हिशेबापुरते घेतलेत, तुमचे म्हणून नाहीत. तिन्ही न लागण्याची (गर्भ न राहण्याची) शक्यता ०.६५ गुणिले ०.७० गुणिले ०.७५, म्हणजे सुमारे ३४ टक्के. म्हणजे तिघांपैकी एक तरी लागण्याची ६६ टक्के. गुणाकार कुठूनही सुरू करा, उत्तर हेच येतं. फरक पडतो तो किती ट्रान्सफर लागतील यात. सगळ्यात चांगला आधी ठेवला तर सरासरी २.१ ट्रान्सफर लागतात. सगळ्यात वाईट आधी, असा पूर्ण उलटा क्रम लावला तर जवळजवळ २.३. मधलं अंतर ०.१७. म्हणजे सहा जोडप्यांमागे एक ट्रान्सफर वाचतं. फ्रोझन ट्रान्सफरचा औषधांसकट खर्च लाखभर धरा, सरासरी वाचले सतरा हजार. आणि ही तुलना देवाने लावलेला क्रम आणि मुद्दाम उलटा लावलेला क्रम यांच्यातली आहे! तुमच्याकडे अनुभवी माणसाने लावलेला क्रम रिपोर्टवर फुकट लिहून आलेला आहे: ४एबी, मग ४बीबी, मग ३बीसी. एआयने त्यात सुधारणा केलीच तरी ती या सतरा हजारांचा एखादा तुकडा असेल. त्यासाठी ३५ हजार?

वेळेलाही किंमत आहे, हे मान्य. प्रत्येक ट्रान्सफरमागे दीड-दोन महिने आणि निगेटिव्ह रिपोर्टचं दुःख जातं. पण हिशेब तोच लागू होतो, तीन एम्ब्रियोंत क्रमाने वाचणारा वेळही थोडकाच.

अठ्ठावीस वर्षांची, पीसीओ (यात अंडी बरीच मिळतात) असलेली, बारा ब्लास्ट फ्रीझ झालेली मुलगी समोर असती तर माझं बोलणं वेगळं असतं. तिला बहुधा दोन-तीनच एम्ब्रियो वापरायची वेळ येईल, बाकीचे राहतील. तिथे बारातला पहिला कोण याला अर्थ आहे, आणि आठ एकसारखे ४बीबी समोर असले की माझाही डोळा अडतो. तिथे मी स्कोअर बघते. वेगळे पैसे मात्र तिच्याकडूनही घेऊ नयेत असं माझं मत आहे.

टाकून देण्याबद्दल तुम्ही विचारलंत, तो तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. क्रम चुकला तर नुकसान उशिराचं होतं. चांगला एम्ब्रियो टाकला तर तो गेला. ३बीसी कडे बघून नाक मुरडू नका. अशा एम्ब्रियोंमधून निरोगी बाळं होतात, शक्यता कमी असते एवढंच, आणि झालेल्या बाळात ग्रेडचा काही मागमूस नसतो. एएमएच १.१ असताना मिळालेला प्रत्येक ब्लास्ट मोलाचा आहे. कायद्याने एम्ब्रियो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, घाई काहीच नाही.

मॉडेलला अक्कल येते कुठून हेही लक्षात घ्या. त्याला शिकवताना प्रत्येक एम्ब्रियोला ‘लागला’ किंवा ‘नाही लागला’ असं लेबल चिकटवलेलं असतं. पण न लागण्याचं कारण दर वेळी एम्ब्रियोत नसतं. अस्तरात पॉलिप होता, ट्यूबमध्ये पाणी होतं, अॅडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) होता, ट्रान्सफर अवघड गेलं. उत्तम एम्ब्रियोवर ‘अपयशी’ शिक्का बसतो आणि मशीन ते खरं धरून शिकतं. आपल्याकडे तर गर्भाशयाचा टीबी आहे. तो काहीही त्रास न देता अस्तर खराब करून जातो, पाळी कमी होत जाते, बाई डॉक्टरकडे येते ती मूल राहत नाही म्हणून. युरोपातल्या पेशंटांवर शिकलेल्या मॉडेलला असली गर्भाशयं फारशी भेटलेलीच नाहीत. अर्थात एम्ब्रियोचा व्हिडिओ बघणाऱ्याला गर्भाशय दिसणारच नाही, मॉडेल कुठलंही असो.

वयाचंही तेच. भारतीय आणि स्पॅनिश स्त्रियांची तुलना करणारा एक अभ्यास २०१४ मध्ये आला होता. आयव्हीएफला आलेल्या भारतीय स्त्रियांमधला अंड्यांचा साठा साधारण सहा वर्षं आधीच घटलेला दिसला. ३६ वर्षांच्या पुणेकर बाईचे एम्ब्रियो आणि ३६ वर्षांच्या डॅनिश बाईचे एम्ब्रियो एकाच मापाने मोजावेत का, हे आधी इथल्या आकड्यांवर तपासायला हवं. म्हणून सेंटरला विचारा: हे सॉफ्टवेअर तुमच्याच लॅबमधल्या जुन्या पेशंटांवर तपासून बघितलंय का? कमी स्कोअर आलेल्यांचे किती लागले, जास्तवाल्यांचे किती? उत्तर देता आलं तर लॅब काळजीपूर्वक काम करते असं समजा. ‘कंपनीने तपासलंय’ असं म्हणाले तर काय समजायचं ते समजा.

तुमच्या बाबतीत अजून एक व्यावहारिक शंका. एम्ब्रियो तर फ्रीझ झालेत, मग स्कोअर कशावर काढणार? टाइम-लॅप्समध्ये वाढवले असतील तर व्हिडिओ साठवलेला असेल, ठीक. नसतील तर फ्रीझ करण्यापूर्वीच्या एखाद्या फोटोवर काढतील. आता ब्लास्ट काही एका जागी शांत बसत नाही. तो फुगतो, मधेच फुग्यातली हवा जावी तसा आक्रसतो आणि काही तासांत पुन्हा फुगतो. आक्रसलेल्या घडीला फोटो निघाला तर पोकळी दिसत नाही, गठ्ठा आणि थर एकमेकांत मिसळलेले दिसतात. व्हिडिओ बघणाऱ्या मॉडेलला पुढचं-मागचं कळतं, एका फोटोवर चालणाऱ्याला कळत नाही. फोकस जरा वरखाली झाला तरी फरक पडतो. आणि ‘वितळवून स्कोअर काढू आणि परत फ्रीझ करू’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. स्कोअरसाठी एम्ब्रियोला दोनदा वितळवण्याचा त्रास देण्यात काही अर्थ नाही.

काही कंपन्या फोटोवरून गुणसूत्रं बरोबर आहेत की नाही हेही सांगू म्हणतात. संशोधन म्हणून ते मला रोचक वाटतं. पण वय वाढेल तसे गुणसूत्रांचे दोष वाढतात, पस्तिशीत साधारण एक तृतीयांश ब्लास्टमध्ये आणि बेचाळिशीत तीन चतुर्थांशांमध्ये. त्यामुळे मॉडेलला नुसतं आईचं वय सांगितलं तरी त्याचा अंदाज बराच सुधारतो. वय तर तुमच्या डॉक्टरांनाही माहीत आहे. बायॉप्सीची (एम्ब्रियोच्या काही पेशी काढून तपासण्याची) जागा असे फोटो आज घेऊ शकत नाहीत.

एवढं वाचून वाटेल की या बाईंना नव्याचं वावडं आहे. तसं नाही. एम्ब्रियोची निवड हा एआयचा सगळ्यात जास्त विकला जाणारा उपयोग आहे, सगळ्यात उपयोगी नाही. अंडी तयार होतानाचं मोजमाप घ्या. फॉलिकल स्टडीत प्रत्येक फॉलिकल (अंडं वाढतं ती पिशवी) मोजून अंडी पिकवायचं ट्रिगरचं इंजेक्शन कधी द्यायचं ते ठरतं. आजवरचा प्रघात म्हणजे दोन-तीन फॉलिकल १७-१८ मिलिमीटरचे झाले की ट्रिगर. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने ११ केंद्रांमधल्या १९ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती एआयला दिली आणि २०२५ मध्ये निष्कर्ष छापले: परिपक्व अंडी मुख्यत्वे ट्रिगरच्या दिवशी १३ ते १८ मिलिमीटर असलेल्या फॉलिकलमधून येतात. म्हणजे सगळ्यात मोठ्या दोघांकडे बघत बसण्यापेक्षा मधल्या गटात किती आहेत ते बघावं. मोठ्यांची वाट बघत जास्त थांबलं तर प्रोजेस्टेरॉन (अस्तर गर्भासाठी तयार करणारं हार्मोन) आधीच चढतं. हे ज्ञान कुठलंही मशीन न घेता उद्यापासून वापरता येतं, आणि त्याने अंड्यांची संख्या वाढू शकते. तुमच्यासारख्या कमी एएमएच असलेल्या स्त्रीसाठी एक जास्त परिपक्व अंडं हे तीन एम्ब्रियोंच्या क्रमापेक्षा कितीतरी मोठं.

शुक्राणूंचंही सांगते. सीमेन रिपोर्टमध्ये मॉर्फॉलॉजीचा (नीट आकाराचे शुक्राणू किती टक्के याचा) जो आकडा असतो, त्याची जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली खालची मर्यादा ४ टक्के आहे. एका लॅबचा ५ दुसऱ्या लॅबमध्ये ३ होतो, आणि तेवढ्यावरून नवरा महिनोन्महिने गोळ्या खात बसतो. इथे कॅमेरा आणि सॉफ्टवेअरने एकसारखेपणा येतो, हवाच आहे. आणि ज्यांच्या नमुन्यात शुक्राणू शून्य दिसतात त्यांच्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०२५ मध्ये जे दाखवलं ते मला या सगळ्यात जास्त भावलं. साडेतीन मिलिलिटर नमुन्याची पंचवीस लाख छायाचित्रं दोनेक तासांत तपासून मशीनने जिवंत शुक्राणू शोधले. सापडले दोन. दोनांवर दोन अंडी फलित केली, आणि बरीच वर्षं प्रयत्न करणाऱ्या त्या जोडप्याला गर्भ राहिला. एका केसवरून नियम काढू नये. पण गवताच्या गंजीत शोधाशोध करायची असेल तर माणसाचा डोळा तिथे कमीच पडतो, हे आमच्या धंद्यातलं कुणीही मान्य करेल. तुमच्या नवऱ्यांना याची गरज नाही, तीन ब्लास्ट झालेत त्यावरून दिसतंच आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी. सहायक जननतंत्राचा कायदा २०२१ चा आहे, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. तुमच्या एम्ब्रियोचं काय करायचं याला तुमची लेखी संमती लागते, टाकून देण्यालाही. संमतीपत्रात ‘कमी स्कोअरचे एम्ब्रियो नष्ट करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाची ओळ कुठे दडली असेल तर ती खोडून सही करा. व्हिडिओ परदेशातल्या सर्व्हरवर जातो का, नाव काढून जातो का, कंपनी तो पुढच्या मॉडेलच्या शिकवणीसाठी वापरते का, हेही विचारा. एआयबद्दल आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात अशा माहितीबद्दल रुग्णाला अंधारात ठेवू नये हे आलंच आहे.

दुसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. मुलाचे एम्ब्रियो पाचव्या दिवसापर्यंत किंचित भरभर वाढतात असं काही अभ्यासांत दिसलंय. भरभर वाढणाऱ्याला जास्त मार्क देणारं मॉडेल नकळत मुलांकडे झुकू शकतं. गर्भलिंग चाचणीवर देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा त्यानंतर १९९४ ला आला. त्या राज्यात बसून काम करणाऱ्या लॅबने आपला स्कोअर आणि जन्मलेली मुलं-मुली यांचा मेळ अधूनमधून तपासायला हवा. आणि कुणी आडून ‘एआयवरून कळतं हो’ असं सुचवत असेल तर त्या सेंटरची पायरी पुन्हा चढू नका.

तर आता करायचं काय? आधीच्या अपयशाचा रिपोर्ट काढा. त्या वेळी अस्तर किती मिलिमीटर होतं, ट्रान्सफर सहज गेलं की अडकलं, प्रोजेस्टेरॉन कधी सुरू केलं, हे लिहिलेलं असायला हवं. गर्भाशय आतून बघितलं नसेल तर तशी गरज आहे का, टीबीची शंका घेण्यासारखं काही आहे का, थायरॉइड कसं आहे, हे डॉक्टरांना विचारा. तो निर्णय त्यांचा, मी लॅबची बाई. मग ४एबी एकटाच ठेवा. दोन एकदम ठेवायचा आग्रह झाला तरी एकच. जुळ्यांचं बाळंतपण ३६ व्या वर्षी सोपं नसतं. नाही लागला तर ४बीबी, मग ३बीसी. सेंटर फुकट स्कोअर देत असेल तर घ्या, आणि ४एबी-४बीबी मधला क्रम त्याने उलटा सांगितला तर हवं तर तसं करा, त्याने फार बिघडत नाही. ३५ हजार बाजूला ठेवा, दुसऱ्या ट्रान्सफरला उपयोगी पडतील. आणि पुन्हा एग पिकअप करायचं की नाही हा विचार तिन्ही संपेपर्यंत लांबवू नका. दुसरा एम्ब्रियो निगेटिव्ह आला त्याच आठवड्यात डॉक्टरांशी बोला, कारण एएमएच १.१ चा वर्षभराने १.१ राहत नाही.